पदर नाही? बिनधास्त राहा, सगळं पदरातच पडेल

नमस्कार मंडळी. रोज शर्ट-पँट, टीशर्ट नाहीतर घरी बर्मुडा घालून फिरणाऱ्या आणि जन्मात कधी साडी न नेसलेल्या माझ्या तमाम बांधवांना आज एक फुकटचा सल्ला. मराठी मुलखात नीट बस्तान बसवायचं असेल तर पदर चालवता आला पाहिजे. आता तुम्ही म्हणाल आपल्या शर्टाला कुठला आलाय पदर, अहो तेच तर सांगतोय, ज्यांच्या खांद्यावर तो खराखुरा असतो त्यांना त्याचा उपयोग तो काय, कपाळाचा घाम पुसायचा, पोराचं नाक पुसायचं, सांडशी सापडली नाही की त्यानंच उतू जाणारं दुधाचं पातेलं उतरवायचं आणि टोकाला बांधलेली दहाची नोट भाजीवाल्यापुढं सोडायची, बस. बाकीचा सगळा पदर बिनपदराच्या माणसांसाठी मोकळा आहे.

सुरुवात पदरमोडीपासून करू. पदरमोड म्हणजे काम दुसऱ्याचं आणि पैसा आपल्या गाठीचा. यात एक पथ्य कायम पाळायचं, पदरमोड दुसऱ्यानं करायची आणि आपण तिचं कौतुक करायचं. पेपरात बातमी असते बघा, शिक्षकांनी पदरमोड करून शाळा रंगवली, पदरमोड करून वर्गात टीव्ही बसवला. ती वाचून ऊर भरून येऊ द्यावा, जमल्यास फॅमिली ग्रुपवर टाकावी, पण शाळेचा रंग मुळात कुणाच्या तिजोरीतून यायला हवा होता हे विचारू नये, वातावरण बिघडतं. अंगणवाडीच्या ताई स्वतःच्या मोबाईलला स्वतः रिचार्ज मारून सरकारच्या ॲपात माहिती भरत असतील तर त्यांचा सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ आणि आभाराचं भाषण. हाराचे पैसे ताईच गोळा करतील, त्यांना सवय आहे.

आता पदरात टाकणं. हे राजकारणात जाऊ इच्छिणाऱ्यांनी लक्ष देऊन वाचावं. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना आली, 21 ते 65 वयाच्या बायका, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत, महिन्याला 1500 रुपये. राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे मिळून 3000 खात्यात आले पण. आता पैसे येतात बँकेच्या खात्यात, भाषणात मात्र ते कायम पदरात पडतात, कारण खात्यात आलेला पैसा हक्काचा वाटतो आणि पदरात टाकलेला भावानं दिलेला वाटतो. हा फरक ज्याला कळला त्याला तिकीट मागायला मुंबईच्या चकरा माराव्या लागत नाहीत. शिवाय पदर पसरणारी नेहमी खाली असते आणि टाकणारा स्टेजवर, फोटोही चांगला येतो.

पदरी माणसं बाळगायची हौस असेल तर मात्र जुनं विसरा. इब्राहिमखान गारदी आधी निजामाच्या पदरी होता, मग सदाशिवराव भाऊंच्या पदरी आला आणि एकदा आल्यावर 1761 ला पानिपतात शेवटपर्यंत तोफा चालवून जिवानिशी गेला. असली माणसं आता परवडत नाहीत हो, त्यांना पगार फक्त द्यावा लागायचा. हल्लीच्या आमदाराला पदरी ठेवायचं तर आधी सुरतेत हॉटेल लागतं, तिथं करमलं नाही की गुवाहाटी, मग चार्टर विमान, आणि एवढं करून मतदानाच्या दिवशी तो तुमच्याच पदरी असेल याची गॅरंटी कुणी देत नाही. जून 2022 मध्ये महाराष्ट्रानं हा प्रयोग टीव्हीवर लाईव्ह पाहिला. त्यामुळे निष्ठा वगैरे शब्द उच्चारण्यापूर्वी रूमचे रेट काढून ठेवा.

लग्नाळू मंडळींनी पदर लागतो का ते आधी बघावं. पदर लागणं म्हणजे दोन्हीकडच्या पाव्हण्यारावळ्यांत कुठंतरी जुनी सोयरीक निघणं, मामाच्या साडूची चुलतबहीण तुमच्या आत्याच्या गावात दिली असेल तर लागला पदर, पोरगा काय करतो ते नंतर बघू. पोरीनं आणि पोरानं एकमेकांना आधीच पसंत केलं असेल तर हाच पदर अजिबात लागत नाही, कितीही शोधला तरी. मग वऱ्हाडाच्या पंगतीला मुलीचा बाप हात जोडून फिरतो आणि चुकलंमाकलं पदरात घ्या म्हणतो. इथं व्याकरणाची एक बारीक गोम आहे, चूक पदरात घेणं म्हणजे माफ करणं आणि चूक पदरात घालणं म्हणजे ती तुझीच आहे असं सिद्ध करून गळ्यात मारणं. सासरी गेल्यावर मुलीला दुसरं क्रियापद जास्त ऐकायला मिळतं. तुम्ही जावई असाल तर हे दोन्ही शिकायची गरज नाही, तुम्ही रुसून बसा, बाकी होतं आपोआप.

पदर ढळणे याबद्दल फार लिहीत नाही. एवढंच लक्षात ठेवा की तो तिचा असला तरी सांभाळायची जबाबदारी गल्लीची असते, आणि ती पार पाडायला गल्ली चहा टाकून कट्ट्यावर हजर असते. पिन लावली तर फॅशन, नाही लावली तर संस्कार कुठं गेले.

ऑफिसात वर्षाअखेरीस जी पगारवाढ हातात टेकवतात तिला पदरी पडलं पवित्र झालं असं म्हणायचं. ही म्हण मूळची बहुतेक एचआरवाल्यांसाठीच जन्माला आली असावी.

आता येवल्याला जाऊ, कारण पदराचा विषय आणि पैठणी नाही म्हणजे घोर अन्याय. हातमागाची खरी पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, उलटी-सुलटी नाहीच, आणि पदरावरचा बांगडी मोर एकेक रंगाचा धागा हातानं फिरवत भरावा लागतो. जरीचा पदर मोठा आणि भरगच्च असला तर महिनेच्या महिने माणूस मागापुढं बसून. 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. तुम्ही दुकानात गेलात की मोर मोजा, बुट्टी बघा, मग यंत्रमागावरची सेमी पैठणी एवढ्याला मिळते तर ही एवढ्याला का असं जोरात विचारा आणि दहा टक्के कमी करून घ्या. विणणाऱ्याच्या पदरात काय पडलं हे विचारायचं नाही, त्याच्या पदरावर मोर आहेत ना.

साहित्यात नाव कमवायचं असेल तर कुठल्याही कवितेबद्दल एकच बोला, या कवितेला अनेक पदर आहेत. कवी खूश, श्रोते गप्प, आणि तुम्ही कविता वाचलेली नाही हे कुणाला कळतसुद्धा नाही. किती पदर असं कुणी आगाऊपणानं विचारलंच तर चिरोट्याला असतात तितके म्हणा आणि चहाकडे वळा. त्यावर पुन्हा तुमच्या पदरची दोन वाक्यं घालून ते कवीच्या नावावर खपवलंत तर अध्यक्षपद फार लांब नाही.

शेवटी रस्ता, कारण सरकारनं सगळ्यात जास्त पदर रस्त्यालाच नेसवलेत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे सहापदरी, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, 2002 ला पुरा झाला. समृद्धी सहापदरी, 701 किलोमीटर, मुंबईपासून नागपूरपर्यंत, जून 2025 मध्ये शेवटचा तुकडा जोडून मोकळा. आणि आमचा मुंबई-गोवा, चौपदरी होणार होणार म्हणून पनवेल ते इंदापूर (रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे) काम सुरू झालं 2011 साली, तेव्हा पहिलीत असलेलं पोरगं आता स्वतः गाडी चालवत गावी निघतं आणि दर गणपतीला नवीन तारीख ऐकतं. कोकणी माणूस मात्र समजूतदार, एक पदर खड्ड्यात, दुसरा डायव्हर्जनला, उरलेल्या दोनांत एसटी, ट्रक आणि मखर बांधलेली इनोव्हा, तरी तो पाऊस कसा आहे एवढंच विचारतो. तुम्हाला यंदा खरोखर चौपदरी रस्त्यानंच कोकणात जायची हौस असेल तर पुण्यावरून कोल्हापूरकडे जा आणि तिकडून घाट उतरा. डिझेल तेवढं पदरचं.