ख्रिस्ती झालं की मराठीपण सुटतं? एका मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. तिसऱ्यांदा तो आमच्या गल्लीतल्या काकांनी टाकला, ज्यांच्या घरची शेंगापोळी खाऊन मी मोठी झाले. मेसेजचं म्हणणं असं: ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला. तो घेतला की माणूस मराठी संस्कृतीतून उठतो. गरिबांनी तो पोटासाठी घेतला. आणि ख्रिस्त्यांची निष्ठा देशाबाहेर असते, मत मात्र पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, सांगेल त्याला पडतं. मी सोलापूरची, जन्माने ख्रिस्ती आणि आता विचाराअंतीही ख्रिस्ती. तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. हा विषय माझ्या घरचा आहे, म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

इंग्रजांनी आणला, हे साफ चूक. केरळातल्या कोल्लमचे ताम्रपट इ.स. ८४९ चे आहेत. तिथल्या चर्चला जमीन आणि हक्क दिल्याची नोंद त्यांत आहे. त्याच्याही आधी, सहाव्या शतकात, कॉस्मस नावाचा प्रवासी ‘कल्लियाना’ इथे बिशप असल्याचं लिहून ठेवतो. बरेच अभ्यासक हे ठिकाण आपलं कल्याण मानतात. उलट ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, कारण लोक बिथरले तर व्यापार बुडेल ही भीती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले होते. त्यांचंच मिशन पुढे अहमदनगरला आणि मग सोलापूरला आलं.

गोव्याचं मात्र मी झाकून ठेवणार नाही. १५६० मध्ये तिथे पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेत चूक शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, बसलं, १६८४ मध्ये कोंकणी सोडण्याचं फर्मान निघालं. ते पाप होतं आणि ते येशूच्या नावाने झालं. त्याबद्दल ख्रिस्ती माणसाने मान खालीच घातली पाहिजे.

पण समजा, धर्म बाहेरूनच आला. त्याने काय ठरतं? एखादी गोष्ट कुठून आली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात. ती आपली झाली की नाही, हेही तेवढ्याने ठरत नाही. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. सोलापूरची शेंगाचटणी म्हणून परकी झाली का?

आता दुसरा मुद्दा: ख्रिस्ती झालं की माणूस मराठी संस्कृतीतून उठतो. मला सगळ्यात जास्त लागला तो हा. ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पहिला मोठा वाद झाला तो नेमका याच प्रश्नावर. येशूनंतर वीसेक वर्षांत यरुशलेमात सगळे जमले. जे यहुदी नाहीत त्यांनी आधी सुंता करून यहुदी चालीरीती घ्यायच्या का? निर्णय झाला: नाही. बायबलमध्ये प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात हे आहे. म्हणजे श्रद्धा घेताना आपली माणसं, आपली भाषा टाकावी लागत नाही, हे पहिल्याच पिढीत ठरलं होतं.

मराठीत तर ते घडलेलं दिसतं. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण येशूची कथा सांगायला त्याने ओवी घेतली. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, आणि त्यात मराठीची जी थोरवी गायली आहे ती आजही मराठीच्या अभिमानाने म्हटली जाते. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यानंतरही ते अभंगच लिहीत राहिले, कीर्तनच करत राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःचं सोवळं कसं गळत गेलं ते ज्या मराठीत सांगितलंय, तशी मराठी लिहिता यावी म्हणून आम्ही आजही धडपडतो. माझी आजी नऊवारी नेसून उपासनेला जायची. पेटी-तबल्यावर टिळकांची पदं म्हणायची आणि नाताळला करंज्या, अनारसे करायची. तिच्यातलं मराठीपण नेमकं कुठे सुटलं, हे मेसेज लिहिणाऱ्याने मला दाखवावं.

इथे आमच्या लोकांनाही एक सांगायचं आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला उभी राहिले, म्हणून मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. मी नंदीध्वजांची पूजा करत नाही. पण पांढऱ्या बाराबंदीतली माणसं तो भार तोलत पुढे सरकतात, तेव्हा माझ्या शहराचा श्वास अडकतो आणि माझाही. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती विचारवंतांनी समाजधर्म आणि साधनधर्म असा भेद केला होता: राहणं-वागणं एक, मोक्षाची वाट दुसरी. त्यांचं सगळंच मला पटत नाही, कारण जात समाजधर्मात बसवून जपता येते आणि ती मला नको आहे. तरी त्या भेदात तथ्य आहे. तो मेसेज आणि ते वडीलधारे, दोघेही तो भेद पुसतात. दोघांनाही माझ्यातली एक बाजू कापूनच हवी आहे.

पोटासाठी धर्म घेतला, यावर थोडंच बोलते. दुष्काळात मिशनांनी अनाथ मुलं सांभाळली आणि त्यांतली बरीच ख्रिस्ती झाली, हे खरं आहे. पण आज हिशेब उलटा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो. शीख आणि बौद्धांना तो नंतर मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. आणि धर्मांतरांचा लोंढा म्हणाल, तर १९५१ मध्ये देशात ख्रिस्ती सुमारे २.३ टक्के होते, २०११ मध्येही तेवढेच. भुकेल्या माणसाला देवाबद्दल स्वतःचं मत असूच शकत नाही, असं धरून चालणं मला फार क्रूर वाटतं.

राहिला निष्ठेचा प्रश्न. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच मठातल्या भगिनींशी वर्षानुवर्षं वाद घातला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणा धर्मगुरूच्या हाती देणार नाही, हीच त्यांची भूमिका होती. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. १९४९ मध्ये धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून देण्याच्या बाजूने ते उभे राहिले. आमच्या घरी आई-बाबांचं मत एकाच पक्षाला पडल्याचं मला आठवत नाही, आणि पाळकांनी कधी विचारलंही नाही.

तरीही माझी पहिली निष्ठा देवाशी आहे, हे मी नाकारणार नाही. वारकऱ्याला विचारा, तोही हेच सांगेल. येशूला रोमच्या सुभेदाराने क्रूसावर दिलं, हे ज्याला रोज आठवतं त्याने कुठल्याही सत्तेला देव मानता कामा नये. हिटलरच्या जर्मनीत बऱ्याच ख्रिस्त्यांनी सत्तेला तसं मानलं, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा या बायबलमधल्या वचनाचा आधार घेत. त्यांच्याविरुद्ध १९३४ मध्ये बार्मेनला जाहीरनामा निघाला, तो ख्रिस्त्यांनीच काढला. त्याच बाजूच्या डीट्रिश बोनहोफर या जर्मन पाळकाला ९ एप्रिल १९४५ ला फाशी झाली. तो देशद्रोही ठरला होता, कारण देशावर त्याचं प्रेम होतं आणि सरकार त्याला देव वाटत नव्हतं.

परवा काका दारात भेटले. मेसेजबद्दल विचारलं तर गोंधळले. म्हणाले, “अगं, आलेला पुढे पाठवला. तुम्ही त्यात येता हे माझ्या डोक्यातच नव्हतं.” मी म्हटलं, “काका, त्यातली माणसं म्हणजे आम्हीच.”