कर्ता अध्याहृत

गाडीचं ब्रेक फ्लुइड बदलायला दोन माणसं लागतात. पुस्तिकेत 'मदतनीस घ्यावा' एवढंच लिहिलंय, जणू तो पान्यांच्या पेटीतच मिळतो. काल मला मिळाले शेजारचे काका. निवृत्त शिक्षक, विषय व्याकरण.

काम असं : काकांनी पेडल दाबून धरायचं, मी चाकामागचा निपल, म्हणजे फ्लुइड बाहेर सोडायचा छोटा पोकळ स्क्रू, जरा सैल करायचा, काळपट फ्लुइड नळीतून बाटलीत, मी निपल आवळायचा, मगच काकांनी पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा आत, आणि पेडल उशीसारखं मऊ.

मागच्या चाकाशी आडवा होऊन मी ओरडलो, "सोडला!"

काकांनी पाय सोडला.

"काका, का सोडलात?"

"तूच म्हणालास, सोडा."

"सोडला म्हणालो! निपल सोडला!"

"मग वाक्य पूर्ण कर ना. नुसतं क्रियापद भिरकावतोस. कर्ता अध्याहृत, कर्म गायब. ऐकणाऱ्यानं काय समजायचं?"

मी म्हटलं, बरं, आकडे ठरवू. एक म्हणजे दाबा, दोन म्हणजे उचला. तीन चाकं बरी गेली... नाही, एकच. कारण दुसऱ्या चाकाला निपल सैल असतानाच काकांनी विचारलं, "अजून किती राहिली रे?"

"दोन."

पाय वर. हवा आत. पुन्हा पहिल्यापासून.

मध्यंतरी काकांनी नवी बाटली उघडून वास घेतला आणि तशीच बोनेटवर ठेवली. हे फ्लुइड हवेतली ओल पितं. डॉट 4 दर्जाचं फ्लुइड कोरं असताना किमान 230 अंशांना उकळतं, 3.7 टक्के पाणी मुरलं की 155 ला उकळलं तरी मानकात बसतं. म्हणूनच दर दोन वर्षांनी हा छळ. शिवाय थेंब रंगावर पडला तर रंग सोलतं. पडलाच. मी पाणी ओतायला धावलो, तर काका म्हणाले, "सावकाश, घसरशील." बोनेटवरचा तो डाग मला अजून दिसतो. त्यांना दिसत नाही.

क्लचचं फ्लुइड त्याच टाकीतून येतं. तिथे निपल सैल करताच पेडल खाली गेलं ते वर येईना. तसंच होतं, हातानं उचलावं लागतं. पण ते सांगेपर्यंत काका गाडीतून उतरले होते.

संध्याकाळी गेटपाशी ते कुणाला तरी सांगत होते, "ब्रेक आम्ही केले. क्लच यानं मोडला."

दोन्ही वाक्यांत कर्ता होता.