आरशासारखं स्टील आणि बायोफिल्म: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पिण्याच्या पाण्याच्या पिंपांवरचा माझा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तर लांबत गेलं, म्हणून स्वतंत्रच देतोय.

तुमचे आक्षेप मला समजले ते असे. खरखरीत पृष्ठभागावर बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा तो बुळबुळीत थर, लवकर धरते असं मी एकीकडे म्हणतो. आणि गुळगुळीत स्टीलवरही ती बसतेच असं दुसरीकडे म्हणतो. मग खरखरीतपणाचा एवढा ऊहापोह कशाला? भोसरीत तुमची सगळी नोकरी बफिंग-पॉलिशिंगमध्ये गेली, आरए (खरखरीतपणाचं सरासरी माप) ०.४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, असलेला जॉब म्हणजे आरसा, त्यावर काय कपाळ चिकटणार, असं तुम्ही विचारलंत. दुसरं, तांब्याला मी हलक्यात काढलं. तिसरं, प्रयोगशाळेतल्या गोष्टी घरच्या पिंपाला लावून मी लोकांना उगाच घाबरवतोय.

पहिल्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलतो, कारण तो तुमच्या हाताखालून गेलेला विषय आहे. आरए ही सरासरी असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. चकचकीत पत्र्यावर एखादाच खोल ओरखडा असला तर मीटरवरचा आकडा जेमतेम हलतो. जिवाणू मात्र सरासरीत राहत नाही, त्या ओरखड्यात राहतो. जिवाणूची लांबी साधारण १ ते २ मायक्रॉन, जाडी अर्धा ते एक. आता खरखरीतपणा मोजणाऱ्या रफनेस टेस्टरची सुई आठवा. तिच्या टोकाची त्रिज्या बहुधा २ किंवा ५ मायक्रॉन असते. म्हणजे ज्या चिरेत सुई उतरूच शकत नाही, जी मीटरच्या हिशेबात धड येतच नाही, तिच्यात जिवाणू अंग चोरून सहज बसतो. मँचेस्टरच्या संशोधक कॅथरिन व्हाइटहेड आणि जोआना व्हेरन यांच्या कामातून हेच पुढे आलं: खड्डा जिवाणूच्या मापाचा असला की धुतल्यावरही जिवाणू आत टिकून राहतो. खड्डा फार मोठा असेल तर पाण्याचा झोत आत शिरतो, फार लहान असेल तर जिवाणू आत मावत नाही.

म्हणूनच अन्नप्रक्रियेच्या यंत्रांत अन्नाला लागणाऱ्या स्टीलसाठी आरए ०.८ मायक्रॉनपर्यंतची मर्यादा पाळतात, पण ०.८ च्या खाली गेलो की सुटलो असं तिथे कुणी मानत नाही. रोजची धुलाई ठरलेलीच असते. दातांच्या बाबतीत बेल्जियमच्या ल्यूव्हेन विद्यापीठात मार्क क्विरिनेन आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हे तपासलं. इम्प्लांटचा पृष्ठभाग ०.२ मायक्रॉनपेक्षा गुळगुळीत केल्यावर कीटण कमी होणं थांबलं. त्याच्या पुढचं पॉलिश फुकट.

तेव्हा माझ्या दोन विधानांत मला विरोध दिसत नाही. ‘कशावर बसतच नाही?’ हा प्रश्न घेऊन बाजारात गेलात तर उत्तर मिळणार नाही. बसते सगळ्यावर. पृष्ठभाग ठरवतो ते इतकंच, की पहिले जिवाणू किती लवकर ठाण मांडतात आणि घासल्यावर किती मागे उरतात. मला या दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते.

विद्यार्थ्यांना हे दाखवायला मी स्टीलच्या दोन पट्ट्या घेतो. एक नवी, दुसरी तारेच्या घासणीने रगडलेली. दोन्ही टाकीच्या पाण्याच्या एकाच भांड्यात बुडवून ठेवायच्या, मग बाहेर काढून सारख्याच हाताने मऊ ब्रशने घासायच्या आणि क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगात बुडवून नळाखाली धरायच्या. नवीवरचा रंग वाहून जातो, कुठेतरी पुसट ढग उरतो. रगडलेल्या पट्टीवर ओरखडे जांभळ्या रेघांसारखे उठून दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे ब्रश जिथे पोचला नाही ती जागा. म्हणून पिंप आतून तारेने घासू नका असं मी लेखात लिहिलं होतं. नवं चकचकीत पिंप आपणच घासून घासून जुनं करतो.

खरखरीत म्हणजे वाईटच, असंही नाही. फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी शार्कच्या कातडीवरून एक नक्षी बेतली: सुमारे २ मायक्रॉन रुंद, ३ मायक्रॉन उंच, ठरावीक ओळीतल्या पट्ट्या. २००७ च्या प्रयोगात साध्या गुळगुळीत सिलिकॉनवर स्टॅफिलोकोकस या जिवाणूची बायोफिल्म १४ दिवसांत धरू लागली आणि २१ दिवसांत पूर्ण जमली, नक्षीच्या सिलिकॉनवर मात्र २१ व्या दिवसापर्यंत तिची सुरुवातही दिसली नाही. औषध नाही, विष नाही, केवळ आकार. कॅथेटरसारख्या, म्हणजे शरीरात घालायच्या नळीसारख्या, जागी, जिथे ब्रश पोचणं शक्यच नाही, तिथे अशा पृष्ठभागाचं मोल मोठं आहे.

पाणी न धरणाऱ्या कोटिंगबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. थेंब ओघळतो म्हणून जिवाणूही ओघळेल असं वाटणं साहजिक आहे. पण १९७९ मध्ये मॅडिलिन फ्लेचर आणि जॉर्ज लोब यांना समुद्रातल्या एका जिवाणूबाबत नेमकं उलटं दिसलं: टेफ्लॉन, पॉलिथीन अशा पाणी झटकणाऱ्या प्लॅस्टिकवर तो भरपूर चिकटला, काचेवर अगदी थोडा. सगळे जिवाणू असे वागत नाहीत. शिवाय पाण्यात गेल्यावर काही मिनिटांतच कोणत्याही वस्तूवर प्रथिनं आणि इतर सेंद्रिय कणांचा पातळ लेप चढतो, आणि जिवाणूची गाठ मूळ वस्तूऐवजी त्या लेपाशी पडते.

आता एक गोष्ट, जी तुमच्या प्रतिक्रियेत नाही आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पिंपाच्या तोटीमागचा रबरी वॉशर. काही रबरांतून आणि मऊ पीव्हीसीतून सेंद्रिय द्रव्यं पाण्यात झिरपतात आणि जिवाणूंना ती खाद्य म्हणून चालतात. तिथे पृष्ठभागच जेवण पुरवतो. जर्मनीत पिण्याच्या पाण्याला लागणाऱ्या अशा मालावर जिवाणू किती वाढतात हे मोजायची स्वतंत्र चाचणीच आहे. घरातली तोटी एकदा उघडून वॉशरच्या मागच्या बाजूवर बोट फिरवा. पिंप आतून आरसा असलं तरी तिथे बहुधा बुळबुळ लागेल, आणि आपण पितो तो प्रत्येक पेला तिथूनच येतो.

तांब्याबद्दल. बेंगळुरूच्या संशोधकांचा २०१२ चा अभ्यास मी मानतो. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यात मुद्दाम मिसळलेले कॉलरा, ई. कोलाय वगैरे जिवाणू नंतर वाढवता आले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही २००८ मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली, मात्र नियमित स्वच्छतेच्या अटीवर आणि लाख किंवा रंग न चढवता. दुसरीकडे फिनलंडमध्ये तांब्याचे आणि प्लॅस्टिकचे पाइप शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा तांब्यात बायोफिल्म सावकाश वाढली, पण २०० दिवसांनी जिवाणूंच्या संख्येत फरक उरला नव्हता. तांबं वेळ मिळवून देतं. तुमच्या घरी चिंचेने रोज घासला जाणारा हंडा त्या वेळेचा पुरेपूर उपयोग करून घेतो. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीतल्या भांड्याच्या मठारीत, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणांत, घाण अडकते का, असंही तुम्ही विचारलंत. नाही. हातोडीचा खळगा जिवाणूच्या हजारो पट रुंद असतो, हात आणि चिंच दोन्ही तिथे नीट पोचतात. मला भीती आहे ती अरुंद तोंडाच्या बाटल्यांची.

तिसरा आक्षेप बराचसा रास्त आहे. प्रयोगशाळेत एकच जिवाणू पोषक रसात वाढवतात. नळाच्या पाण्यात खाद्य कमी, जिवाणू अनेक जातींचे आणि बहुतेक निरुपद्रवी. पिंपातल्या बुळबुळीने धडधाकट माणूस आजारी पडतोच असं मी म्हणत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि आपण सगळे पाण्याकडे नव्याने बघायला लागलो. त्या साथीचा दोष मी बायोफिल्मवर टाकत नाही. एवढंच सांगतो, की नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावं असं भारतीय मानक म्हणतं, आणि टाकीत थर साचला असेल तर ते क्लोरीन आधी त्या थरावरच खर्ची पडतं. बाहेरून जंतू आलाच तर त्याच्यासाठी काही उरत नाही.

नवं पिंप कोणतं घ्यावं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. स्टील घ्या किंवा तांबं, दोन्ही चांगली. दुकानातच हात कोपरापर्यंत आत घालून बघा. बोटं तळाच्या कडेला टेकली पाहिजेत. आतला जोड गुळगुळीत हवा. तोटी हाताने उघडणारी हवी, आणि तिचा वॉशर वेगळा मिळतो का ते विचारून दोन जास्तीचे घेऊन ठेवा.