लाल डाग म्हणजे मुसळधार? उपग्रहाचं चित्र तसं म्हणतच नाही

पावसाळ्यात इन्सॅटचं रंगीत चित्र व्हॉट्सॲपवर फिरतं. खाली मजकूर: ‘लाल भागात पुढच्या काही तासांत ढगफुटी, बाकीचे निर्धास्त राहा. उपग्रहानं पाऊस मोजलाय.’

‘लाल म्हणजे धो धो.’ असं चित्र बहुतेकदा १०.३ ते ११.३ मायक्रॉनच्या अवरक्त (इन्फ्रारेड) पट्ट्यातलं असतं. त्यात ढगाच्या माथ्याचं तापमान कळतं, बाकी काही नाही. कोणत्या तापमानाला लाल द्यायचा, हे चित्र बनवणारा ठरवतो; सहसा तो थंड माथ्यांना देतात. गडगडाटी ढग विरला तरी त्याचा वरचा पसरट भाग वाऱ्याबरोबर दूर जातो. तो तसाच थंड, म्हणून लालच. खाली मात्र थेंबही नसतो.

‘रंग नाही तिथं पाऊस नाही.’ यातलं सगळ्यात घातक विधान हेच. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर समुद्रावरचं बाष्प डोंगराला अडून वर चढतं. तिथले बरेच ढग उथळ. थेंब थेंबांवर आदळूनच मोठे होतात, हिमकण लागत नाहीत. माथा उबदार, म्हणून चित्रात रंगच चढत नाही, आणि खाली संततधार लागलेली असते. पाऊस ओळखणारी उपग्रहांवरची सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) उपकरणंही इथं चकतात. समुद्र अशा लहरी कमी सोडतो, त्याची पार्श्वभूमी ‘थंड’ असल्यानं तिच्यावर पावसाचे थेंब उठून दिसतात. जमीन स्वतःच भरपूर किरणं सोडते, त्यामुळे तिथं ८९ गिगाहर्ट्झ आणि त्यावरच्या लहरी हिमकणांनी किती विखुरल्या, यावरून अंदाज बांधावा लागतो. हिमकणच नसतील तर पाऊस निसटतो. पाऊस मोजण्यासाठीच सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर रडार आहे खरं, पण डोंगरउतारावरून परतणाऱ्या लहरींमुळे जमिनीलगतचा थर त्यालाही नीट वाचता येत नाही.

‘बाष्पाच्या चित्रात पांढरं, म्हणजे पाऊस आलाच.’ हे चित्र वेगळं; ६.५ ते ७.१ मायक्रॉनचा त्याचा पट्टा मुख्यतः मधल्या-वरच्या थरांतलं बाष्प दाखवतो. सर्वाधिक बाष्प खालच्या दोन-तीन किलोमीटरांत असतं. ते त्यात जवळपास दिसत नाही.

‘मोजलाय.’ जीपीएमवर आधारित ‘आयमर्ग’ या उपग्रही पर्जन्य-अंदाजाचा आकडा ०.१ अंशाच्या, म्हणजे साधारण ११ किलोमीटरच्या चौकटीची सरासरी असतो. पहिली आवृत्तीही सुमारे चार तासांनी येते. गावच्या पर्जन्यमापकाशी ताडायचा असेल तर दोन चुका टाळा. दैनिक बेरीज आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होते, पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात. म्हणून जागतिक वेळेनुसार ०३:०० पासूनचे ४८ अर्धे तास घ्या. आणि अर्ध्या तासाचा आकडा ‘मिलिमीटर प्रतितास’ असतो. निम्मा न करता बेरीज केली, तर पाऊस दुप्पट निघतो.