पिशवीवाल्या बाई
आज सायंकाळी तलावपाळीवर एका परिचित बाईंनी माझ्या हातातले पुस्तक मागून घेतले, मलपृष्ठ वाचले आणि 'या वयात हेरकथा?' असे म्हणून तेलकट कागद धरावा तसे दोन बोटांत धरून परत दिले. तेव्हा मी हसले, पण घरी पोहोचेपर्यंत राग चढत गेला. आपल्यापैकी कोणीही पुस्तकाची योग्यता कपाटावरच्या पाटीवरून ठरवत नाही, हे मी गृहीत धरते.

पुस्तक होते मिक हेरन यांच्या 'स्लाउ हाउस' मालिकेतले. २०१० साली सुरू झालेल्या या मालिकेच्या २०२५ पर्यंत नऊ कादंबऱ्या आल्या. लंडनच्या बार्बिकन स्थानकाजवळ याच नावाचे एक कळकट कार्यालय आहे आणि एमआय-फाइव्ह या ब्रिटनच्या गुप्तचर संस्थेत ज्यांच्या हातून चूक झाली, त्यांची रवानगी तेथे होते. बडतर्फ करण्याऐवजी त्यांना इतके निरर्थक काम द्यायचे की त्यांनीच कंटाळून राजीनामा द्यावा. आपल्याकडे याला 'साइडला टाकणे' म्हणतात. पहिल्या भागात रिव्हर कार्टराइट हा उमदा तरुण एका पत्रकाराच्या घरचा केर चिवडत बसतो. मिन हार्पर तेथे आला, तो गोपनीय डिस्क गाडीत विसरल्यामुळे.

या मिन हार्परपाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. २०११ साली ठाणे-वाशी लोकलमध्ये कार्यालयाची फाइल असलेली पिशवी मीही विसरले होते. फोनवर बोलत बोलत मी सानपाड्याला उतरले आणि रॅकवरची पिशवी पुढे वाशीला गेली. एका प्रवाशाने ती त्याच संध्याकाळी स्टेशन मास्तरांकडे दिली, आतला एक कागदही हललेला नव्हता. तरीही चौदा महिने मी रेकॉर्ड रूममध्ये, कोणी कधीही मागणार नाही अशा गठ्ठ्यांवर क्रमांक घालत बसले. आणि या बाई म्हणतात, हेरकथा!

जून २००८ मध्ये ब्रिटनच्या मंत्रिमंडळ कार्यालयातील एका अधिकाऱ्याने अल कायदा आणि इराकविषयीची अतिगोपनीय कागदपत्रे वॉटर्लूहून सुटलेल्या गाडीत अशीच विसरली होती, आणि एका प्रवाशाने ती बीबीसीकडे पोहोचवली. माझी पिशवी निदान स्टेशन मास्तरांकडे गेली. हेरन स्वतः ऑक्सफर्डहून लंडनला रोज आगगाडीने नोकरीला जात आणि संध्याकाळी घरी परतून साडेतीनशे शब्द लिहीत; ठाणेकराला त्यांची ओळख आणखी कशी करून द्यावी? मान्य आहे, प्रत्येक भागाच्या अखेरीस पिस्तुले निघतातच; ती पाने मी भरभर उलटते.

या मंडळींचा साहेब म्हणजे जॅक्सन लॅम्ब. फाटके मोजे, घाणेरडी जीभ, आणि हाताखालच्यांचा पाणउतारा केल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. मात्र आपल्या माणसाला बाहेरच्या कोणी हात लावलेला त्याला खपत नाही. आमच्या रेकॉर्ड रूमचे साहेबही दिवसभर तंबाखू मळत टोमणे मारत. 'पिशवीवाल्या बाई' हे नाव त्यांनीच पाडले आणि त्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात किती शिव्याशाप दिले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. चौकशीच्या दिवशी मात्र त्यांचा काही संबंध नसताना ते बंद दाराबाहेरच्या बाकावर साडेसहापर्यंत बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा आत काय झाले, हे त्यांनी विचारले नाही.

'बाई, गाडी चुकेल,' एवढेच म्हणाले, 'आणि ती पिशवी घ्या.'