पाती काढल्याशिवाय मोअर शर्यतीत उतरतच नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला. त्याआधी तो आमच्या दोन कौटुंबिक समूहांवर येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो न वाचताच पुढे सरकलो होतो. संदेशाचा सारांश असा: इंग्लंडमध्ये गवत कापण्याच्या यंत्रांची, म्हणजे लॉन मोअरची, शर्यत होते, तिला नियम नाहीत, कोणतेही इंजिन बसवता येते, ताशी 240 किलोमीटर वेगाने आणि खाली फिरत्या पात्यांसह ही यंत्रे धावतात, विजेत्याला प्रचंड रक्कम मिळते, हा खेळ रिकामटेकड्या अमेरिकन श्रीमंतांनी शोधला आणि मोटार शर्यतींचा विश्वविजेता स्टर्लिंग मॉसही त्यात उतरला होता. भाचा यंत्र अभियांत्रिकीची पदविका करतो आणि मी एका जिमखान्याचे मैदान सांभाळतो. संदेशाखाली त्याने विचारले होते, "मामा, आपल्या मोअरचा गव्हर्नर काढून बघायचा का?" गव्हर्नर म्हणजे इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग. या प्रश्नामुळेच मला हे लिहावे लागत आहे.

सर्वात आधी पात्यांविषयी. ब्रिटनमध्ये हा खेळ चालवणाऱ्या ब्रिटिश लॉन मोअर रेसिंग असोसिएशनचा नियम असा आहे की, यंत्र मुळात घरगुती हिरवळ कापण्यासाठी बनवलेले आणि बाजारात विकले गेलेले असावे, मात्र शर्यतीत उतरण्यापूर्वी त्याची पाती काढलेली असावीत. अमेरिकेतील शर्यतींतही पाती काढावीच लागतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी मोअर उलटा करून पाहिला आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. सुमारे 53 सेंटीमीटर लांबीचे पाते मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात जातो; आउटफिल्डवर पडलेला लहानसा खडासुद्धा त्या पात्याखाली आला की गोळीसारखा सुटतो, म्हणूनच आम्ही मोअर फिरवण्याआधी मैदान पायी चालून तपासतो. आता अशी वीस यंत्रे एकमेकांना घासत वळण घेत आहेत आणि त्यांतील एखादा चालक खाली पडला आहे, असे डोळ्यांसमोर आणा. चालक पडला की त्याच्या अंगाला बांधलेली दोरी सुटून इंजिन बंद पडावे, अशी सक्तीची सोय या यंत्रांवर असते, आणि हेल्मेटशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. फिरत्या पात्यांची शर्यत हा खेळातला थरार नव्हे. ती संदेश लिहिणाऱ्याची कल्पना आहे, आणि ती घातक आहे.

गव्हर्नरची गोष्ट याच जातीची. घरगुती मोअरचे इंजिन साधारणपणे मिनिटाला 3600 फेऱ्यांच्या वर जाऊ नये, यासाठी तो बसवलेला असतो. फेरे दुप्पट झाले की कनेक्टिंग रॉडवरचा, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्यावरचा, ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. अशा इंजिनांत तो रॉड बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि तो तुटला की इंजिनाचे आवरण फोडून बाहेर येऊ शकतो. पदविकेच्या विद्यार्थ्याने हा हिशेब मामाला सांगायला हवा होता.

ताशी 240 किलोमीटर हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही, एवढे नाइलाजाने मान्य करतो. 2019 मध्ये जर्मनीतील लाउझित्सरिंग येथे होंडाच्या 'मीन मोअर' या यंत्राने ताशी 100 मैलांचा वेग 6.285 सेकंदांत गाठून विक्रम केला आणि पुढे ते ताशी 150.99 मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे 243 किलोमीटरपर्यंत गेले. चालक होती जेस हॉकिन्स. पण त्यात फायरब्लेड या मोटरसायकलचे इंजिन होते, मार्ग मोकळा होता आणि शेजारी दुसरे कोणीही धावत नव्हते. हे यंत्र ब्रिटिश संघटनेच्या शर्यतीत आणले असते, तर तपासणीतच परत पाठवले गेले असते, कारण तेथे इंजिनात फेरफार करण्याची मुभा नाही. कौशल्य दिसते ते पुली, साखळी, आस आणि स्टिअरिंग यांच्या जुळवणीत. अशा शर्यतीत वेगवान यंत्रे ताशी 80 किलोमीटरच्या आसपास जातात. मोअरला सस्पेन्शन नसते आणि मार्ग म्हणजे शेताचा खडबडीत तुकडा, तेव्हा हा वेगही कंबर मोडायला पुरेसा आहे.

'नियम नाहीत' म्हणणाऱ्याला गटही ठाऊक नसावेत. पहिल्या गटात चालक यंत्रामागे पळतो. दुसऱ्यात रोलरवर चालणारे सिलिंडर मोअर (ज्यांची पाती आडव्या नळकांड्यासारखी फिरतात) येतात, ज्यांच्या मागे जोडलेल्या आसनावर चालक बसतो. क्रिकेटच्या मैदानाशी संबंध असलेल्यांना हा गट सर्वात जवळचा वाटावा. तिसऱ्यात बॉनेट नसलेली, चाकांवर चालणारी यंत्रे आणि चौथ्यात बॉनेट असलेले छोटे ट्रॅक्टरसारखे मोअर असतात. रोलरवाल्याला ट्रॅक्टरवाल्याशी झुंजवले तर शर्यतीला अर्थ उरणार नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

बक्षिसाचा दावा तर मुळावरच घाव घालणारा आहे. ही संघटना 1973 मध्ये वेस्ट ससेक्समधील विझबरो ग्रीन या गावी, क्रिकेटर्स आर्म्स या पबमध्ये, जिम गॅव्हिन आणि त्यांच्या मित्रांच्या गप्पांतून जन्मली. मोटार शर्यती प्रायोजकांच्या पैशामुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर चालल्या होत्या, आणि समोर गावच्या क्रिकेट मैदानावर गवत कापणे चालू होते. घरोघरी असलेल्या यंत्रावर शर्यत करावी, हे तेव्हा सुचले. (मैदान सांभाळणाऱ्याचे नाव इतिहासात नेहमीप्रमाणे राहिले नाही.) प्रायोजक नकोत, रोख बक्षिसे नकोत आणि शिल्लक राहील ती धर्मादाय कामाला, ही संघटनेची तत्त्वे तेव्हापासूनची आहेत. ज्या खेळाची सुरुवातच पैसा टाळण्यासाठी झाली, त्याच्या गळ्यात बक्षिसाची थैली बांधणे यास काय म्हणावे?

अमेरिकेविषयी फार लिहीत नाही. तेथील संघटना 1992 ची आहे, म्हणजे जवळजवळ दोन दशकांनी लहान; तेव्हा शोधाचे श्रेय तेथील श्रीमंतांना देता येत नाही.

राहिले स्टर्लिंग मॉस. ते या शर्यतींत उतरले होते, बारा तासांची शर्यत त्यांनी जिंकली होती आणि ल मान्स ही फ्रान्समधील 24 तासांची मोटार शर्यत पाच वेळा जिंकणारे डेरेक बेलही त्यांच्यासोबत होते, हे खरे आहे. त्या शर्यतीत तीन चालकांचा संघ रात्रभर आळीपाळीने मोअर हाकतो. संदेशातला हा एक भाग मला आवडला, पण तोही धड लिहिलेला नाही: मॉस फॉर्म्युला वन मोटार शर्यतींत कधीच विश्वविजेते झाले नाहीत. 1955 ते 1958 अशी सलग चार वर्षे ते दुसरे आले.