लंडनची नागरी फौज इतकी कच्ची नव्हती

राजा आणि संसद यांच्यातील इंग्लंडच्या यादवी युद्धावर बेतलेल्या खेळाविषयीचा लेख वाचला. या खेळात मिलिशियाच्या, म्हणजे नागरी फौजेच्या, तुकड्या घोडदळाच्या पहिल्याच हल्ल्यात पांगतात आणि तेच इतिहासाला धरून आहे, हे त्यातील विधान मला पटले नाही. संसदेच्या बाजूने लढणाऱ्या लंडनच्या ‘ट्रेन्ड बँड्स’ या नागरी पथकांतील कारागीर आणि दुकानदार सेनानी फिलिप स्किपनच्या हाताखाली कवायत करत असत. २० सप्टेंबर १६४३ रोजी न्यूबरीच्या लढाईत याच लोकांनी उघड्या माळावर, तोफांचा मारा सोसत, राजाच्या बाजूच्या राजपुत्र रूपर्टच्या घोडदळाचे हल्ले लांब भाल्यांच्या बळावर परतवून लावले; राजाचा पक्ष घेणाऱ्या इतिहासकार क्लॅरेंडनलाही त्यांची वाखाणणी करावी लागली. मी ही लढाई तीनदा खेळून पाहिली आणि तिन्ही वेळा ही पथके काही मिनिटांत पळाली.

त्यांची खरी अडचण होती ती घरापासूनच्या अंतराची. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजाच्या समर्थकांच्या ताब्यातील बेसिंग हाउस या गढीसमोर लंडनच्या पथकांनी ‘घरी चला, घरी चला’ असा घोष सुरू केला, तर त्याच्या आदल्या वर्षी कॉर्नवॉलच्या नागरी फौजेने परगण्याची हद्द ओलांडण्यास नकार दिल्यामुळे राजाचा सेनापती हॉप्टन याला स्वयंसेवकांच्या नव्या पलटणी उभाराव्या लागल्या. मनोबलाचा आकडा मुळातच तळाशी ठेवण्याऐवजी मोहीम लांबेल आणि घर दूर जाईल तसतसा तो घसरत गेला असता, तर दोन्ही बाजूंच्या सेनापतींची डोकेदुखी खेळाडूलाही अनुभवता आली असती. (घोडदळाचा वेग मात्र, हे मान्य करायला हवे, उत्तम साधला आहे.)